रॅक बदलायच्या आधी एक चाक खड्ड्यात घाला

तुम्ही लिहिलंय त्यावरून चित्र असं दिसतं: बाबांची 2010 ची पेट्रोल गाडी. इंदुरात लोकमान्य नगरहून राजवाड्याकडे येताना गल्ल्यांमध्ये पुढून, डावीकडून खडखड येते. सुपर कॉरिडॉरच्या गुळगुळीत रस्त्यावर मात्र चांगल्या वेगातही गाडी गप्प. पुढचे दोन्ही शॉकर नवे टाकून झाले, आवाज जिथल्या तिथे, आणि आता मिस्त्री म्हणतोय, "भिया, रॅक गई।"

रॅकला, म्हणजे स्टीअरिंग फिरवल्यावर पुढची चाकं वळवणाऱ्या दांड्याला, तूर्त हात लावू देऊ नका. ती महाग पडते, आणि आतापर्यंत आवाज कोणी शोधलेलाच नाही, फक्त पार्ट बदललेत. आपल्या मर्जीने आवाज काढता आला आणि मर्जीने थांबवता आला, की तो सापडला असं समजायचं. तोवर खिशात हात घालायचा नाही.

"डावीकडून येतो" यावर फार विसंबू नका. या गाड्यांची बॉडी म्हणजे पत्र्याची एकसंध पेटी असते, आवाज तिच्यातून कुठूनही कुठेही पोचतो. डॅशबोर्ड उघडून बसलेल्या माणसाचा आवाज शेवटी सायलेन्सरच्या पत्र्यात निघालेला मी पाहिलाय.

आधी गाडी रिकामी करा. जॅक, पाना, स्टेपनी, दारांच्या कप्प्यांतल्या बाटल्या, ग्लोव्ह बॉक्समधली चिल्लर, सगळं बाहेर. मागचे सीटबेल्ट लावून ठेवा, त्यांची बकलं प्लास्टिकवर आपटतात. गाडीला सीएनजी किट असेल तर सिलिंडरचे पट्टे बघा. दर 3 वर्षांनी हायड्रो टेस्टसाठी सिलिंडर उतरवतात, परत बसवताना बोल्ट नीट आवळले नसतील तर ते वाजतात. आणि मधे कधी बॅटरी बदलली असेल तर तिची पट्टी हलवून बघा. बॅटरी पुढेच असते आणि पट्टी ढिली ठेवणारे खूप.

मग गाडी उभी ठेवून इंजिन हळूहळू रेस करा. उभ्या गाडीत आवाज आला तर सस्पेन्शनचा संबंध नाही. सायलेन्सरवरचा उष्णतारोधक पत्रा, सायलेन्सरची रबरं किंवा इंजिनचं माउंटिंग, ज्याला आपले मिस्त्री फाउंडेशन म्हणतात, यांच्यापैकी काहीतरी असेल. सायलेन्सर पूर्ण थंड असताना त्या पत्र्यावर मुठीने ठोका, सैल असेल तर लगेच कळेल. सियागंजातल्या हार्डवेअरच्या दुकानातून मोठी स्टीलची होज क्लिप आणून पत्रा आवळून टाका. नवीन पत्रा घ्यायची गरज सहसा पडत नाही.

आता मुख्य चाचणी. सकाळी लवकर, कचरागाडीचं गाणं सुरू व्हायच्या आत निघा, कारण ही चाचणी शांततेतच होते. शेजारी कोणाला तरी बसवा, काचा खाली, पंखा आणि एसी बंद. रस्त्याच्या पूर्ण रुंदीचा स्पीडब्रेकर शोधा आणि तो अगदी सरळ, दोन्ही पुढची चाकं एकदम चढतील असा पार करा. मग असा खड्डा किंवा उंचवटा घ्या, ज्यात फक्त डावं चाक जाईल. वेग दोन्ही वेळा सायकलचा.

कारण असं की दोन्ही चाकांना जोडणारा अँटी-रोल बार दोन्ही चाकं सारखीच वर गेली तर पिळला जात नाही, नुसता आपल्या बुशमध्ये, म्हणजे रबरी पकडीत, फिरतो. एकच चाक वर गेलं की तो पिळला जातो आणि सगळा जोर त्याच्या लिंक रॉडवर, म्हणजे त्याचं टोक सस्पेन्शनला जोडणाऱ्या छोट्या दांडीवर, येतो. म्हणून स्पीडब्रेकरवर गप्प आणि एकेरी खड्ड्यात खडखड, असं झालं तर संशय पहिला लिंक रॉडवर, मग बारच्या बुशवर. तुमची गाडी गुळगुळीत रस्त्यावर गप्प आणि गल्लीतल्या वेड्यावाकड्या फरशीवर बोलते, हे याच्याशी जुळतं. लिंक रॉड रॅकच्या मानाने किरकोळ किमतीचा पार्ट आहे. काही जुन्या छोट्या गाड्यांत लिंक नसतेच, बार थेट लोअर आर्ममध्ये, म्हणजे चाकाला खालून धरणाऱ्या आडव्या दांड्यात, जातो. तिथे त्याच्या टोकाची रबरं तपासायची.

लिंक तपासताना मिस्त्री हमखास गाडी जॅकवर घेतो. एकच चाक लोंबकळलं की लिंकवर ताण बसतो आणि ढिला सांधाही घट्ट वाटतो. गाडी पिटवर, म्हणजे गॅरेजातल्या खड्ड्यावर, चाकांवरच उभी असू द्या आणि खालून लिंक हाताने झटकून बघा.

दोन्ही प्रकारांत आवाज आला तर तोच खराब तुकडा पुन्हा पार करा, या वेळी ब्रेकवर हलका पाय ठेवून. मागे कोणी नाही ना, बघून घ्या. आवाज थांबला तर ब्रेक पॅड त्यांच्या जागेत खुळखुळतायत किंवा कॅलिपरच्या, म्हणजे पॅड दाबणाऱ्या भागाच्या, पिना झिजल्यात. पॅड बदलताना त्यांच्या छोट्या स्प्रिंगच्या पट्ट्या फेकून दिल्या जातात, मग असं होतं.

तुमच्या बाबतीत आणखी एक प्रश्न विचारावासा वाटतो: शॉकर नवे टाकले तेव्हा वरचं माउंट आणि बेअरिंग नवं टाकलं का? बहुतेक ठिकाणी जुनंच परत चढवतात. बॉनेट उघडून शॉकरच्या वरच्या टोकावर तळहात ठेवा, दुसऱ्याला ती बाजू दाबून उसळवायला सांगा. ठोका हाताला जाणवला तर माउंट गेलंय, नाहीतर वरचा नट ढिला आहे.

रॅकची चाचणी यानंतर. चाकं जमिनीवर, इंजिन चालू, हँडब्रेक ओढलेला. एकाने स्टीअरिंग दोन बोटं इकडे, दोन बोटं तिकडे असं भराभर हलवायचं आणि दुसऱ्याने बाजूने हात घालून टाय रॉडचे, म्हणजे रॅकपासून चाकापर्यंत जाणाऱ्या दांडीचे, सांधे धरायचे. गाडीखाली शिरायचं नाही. टाय रॉडचे आतले-बाहेरचे दोन्ही सांधे घट्ट आणि तरी रॅकमध्येच ठकठक, असं दिसलं तरच मिस्त्रीचं म्हणणं खरं. तो लबाड असेलच असं नाही. गॅरेजसमोरच्या सपाट रस्त्यावर चक्कर मारून आवाज येत नाही, म्हणून बिचारा अंदाज करतो. त्याला शेजारी बसवून तुमच्या गल्लीतून फिरवा.

बुश किंवा लोअर आर्म बदलायची वेळ आली तर त्यांचे बोल्ट शेवटचे आवळायचे ते गाडी चाकांवर उभी असताना. हवेत आवळले की रबर पिळलेल्या अवस्थेत बसतं आणि लवकर फाटतं. हे समोर उभं राहून करून घ्या.

आणि जॅक लावून, खाली पक्का स्टँड देऊन, चाक वर-खाली धरून हलवलंत आणि ते हललं, तर बॉल जॉइंट, म्हणजे लोअर आर्मच्या टोकाचा गोल सांधा, किंवा व्हील बेअरिंग. फक्त डाव्या-उजव्या बाजूला धरून हललं तर टाय रॉड. असं काही निघालं तर वरच्या सगळ्या चाचण्या राहू द्या. त्या गाडीने खंडवा रोडचा घाट तर नाहीच, भाजीलाही जायचं नाही. मिस्त्रीला घरी बोलवा.