मोटार पोराकडे गेली, जाग माझ्याकडे राहिली

प्रश्न : डॉक्टरताई, नमस्कार. मी वसमत तालुक्यातला शेतकरी, वय ५८. हळद आणि ऊस. तीस वर्षं रात्रीच्या लाइटीवर पाणी दिलं. एक आठवडा दिवसा लाइट, एक आठवडा रात्री, हे तुम्हाला ठाऊकच असेल. आता दोन वर्षं झाली, पोरगं बघतंय. मोबाइलवरून मोटार चालू करतंय, मला रात्री उठायचं कामच राहिलं नाही. म्हटलं, आता निवांत झोपू. तर झोपच येईना गेली.

साडेआठला जेवून बाजेवर पडतो. नऊला डोळा लागतो आणि दीडला टक्क जाग. घरामागंच बोर आहे, स्टार्टरचे दिवे खिडकीतून दिसतात. मग या कुशीवरून त्या कुशीवर. साडेचारला तासभर डुलकी लागते. साडेपाचला उठतो तेव्हा अंग आंबून गेलेलं असतं. दुपारी मात्र लिंबाखाली पडल्या पडल्या झोप, दोन तास. घरची रोज तळपायाला काशाच्या वाटीनं तेल चोळते. दुधात जायफळ उगाळून घेतो. आधी चिमूटभर पुरायचं, आता अर्धं लागतं. आठ महिन्यांपासून मेडिकलवरून झोपेची गोळी आणायलो, पाव मिलीग्रॅमची. चिठ्ठी कुणी मागत नाही. पहिले दोन महिने गुण आला. आता घेतली तरी दीडला जाग, नाही घेतली तर डोळ्याला डोळा लागत नाही. गोळी वाढवू का?

एक वाचक, जि. हिंगोली

उत्तर : भाऊ, गोळी वाढवू नका. आणि उद्यापासून एकदम तोडूही नका.

पाव मिलीग्रॅमची म्हणजे ती बहुतेक अल्प्राझोलाम असणार. या गोळीची काही आठवड्यांत सवय लागते, मग तेवढ्याच डोसाला शरीर दाद देत नाही. अचानक बंद केली तर धडधड, घाम, हातांना कंप, आधीपेक्षा वाईट जागरण, आणि कधीकधी फिटसुद्धा येते. चिठ्ठीशिवाय ती विकायचीच नसते, पण तो राग मी इथे काढत बसत नाही. पट्टी खिशात घालून वसमतच्या एखाद्या एमडी डॉक्टरांकडे जा आणि आठ महिने म्हणजे आठ महिनेच सांगा, दोन सांगू नका. ते काही आठवडे घेऊन टप्प्याटप्प्याने कमी करून देतील.

जायफळाचं वाचून मात्र मी खुर्चीत सरळ झाले. चिमूटभर ठीक आहे, श्रीखंडात घालतोच आपण. रोज अर्धं जायफळ म्हणजे औषध नाही, विष होण्याच्या वाटेवरची गोष्ट आहे. जास्त झालं की छाती धडधडते, तोंड कोरडं पडतं, भ्रमसुद्धा होतो. आजपासून बंद. काशाची वाटी राहू द्या. तळपाय गरम झाले की कातडीतल्या रक्तवाहिन्या मोकळ्या होतात, आतली उष्णता बाहेर पडते आणि शरीर थंडावताना झोप यायला सोपं जातं. शिवाय कुणीतरी आपले पाय हातात घेऊन बसलंय, हेही काही कमी नाही.

आता हिशेब करू. नऊ ते दीड साडेचार तास, पहाटे एक तास, दुपारी दोन तास. झाले साडेसात. तुमची झोप गेलेली नाही हो, तिचे तुकडे झालेत. बोरचं तुम्हाला मी काय सांगावं? दुपारी दोन तास मोटार चालवली तर रात्री बोरला पाणी कमीच येणार. दिवसभर जागं राहिलं की झोपेचा जोर साठत जातो आणि लिंबाखाली तुम्ही तो उपसून टाकता. उरलेल्यावर रात्रीचे साडेचार तास निघतात. गाढ झोप असते रात्रीच्या पहिल्या भागात, पुढची झोप मुळातच पातळ. साठीकडे झुकताना ती आणखी पातळ होते, तेव्हा कुत्रं भुंकलं तरी जाग येते. बाजेवर तुम्ही पडता नऊ तास आणि झोपता साडेपाच. उरलेल्या साडेतीन तासांत ती बाज तुम्हाला एकच गोष्ट शिकवते : इथे जागायचं असतं.

म्हणून उपाय उलटा आहे. लवकर पडायचं नाही, उशिरा पडायचं. रात्री अकरा ते पहाटे पाच, एवढेच सहा तास बाज तुमची. त्याआधी कितीही जांभया आल्या तरी ओट्यावर बसा, भजनाला जा, नातवंडांना गोष्टी सांगा. हळदीच्या दिवसांत तर कामाला तोटा नाही. झोप लागो न लागो, पाचला उठायचंच, आणि उठल्यावर उजेडात फिरून यायचं. दुपारची झोप बंद. अगदीच डोळे मिटायला लागले तर तीनच्या आत वीस मिनिटं, तीही बसल्या बसल्या. पडलेल्या वेळातला ८५ टक्के वेळ झोप लागायला लागली की दर आठवड्याला पंधरा मिनिटं वाढवा. ही काही माझ्या पदरची युक्ती नाही. आर्थर स्पीलमन नावाच्या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९८७ साली ती मांडली, आणि आज जुनाट निद्रानाशावर गोळीच्या आधी जी उपचारपद्धत सुचवतात, तिचा ती एक मुख्य भाग आहे. पहिले दोन आठवडे मात्र दिवसा पेंग येईल. तेव्हा मोटारसायकल आणि कडबा कुट्टी दुसऱ्याच्या हाती द्या. फिटचा किंवा उन्मादाचा आजार असेल तर हे डॉक्टरांना विचारल्याशिवाय करायचं नाही.

चहा आणि तंबाखूबद्दल तुम्ही काही लिहिलं नाही. आपल्याकडे पत्रात ते कुणीच लिहीत नाही! चहातलं कॅफिन निम्मं व्हायलाच पाच-सहा तास लागतात, म्हणून शेवटचा चहा दुपारी दोनला. तंबाखूही झोप उडवते. रात्री जाग आल्यावर चिमूट लावत असाल तर ती आधी सोडा.

आता दीडला जाग येते त्याचं. इथे माझंच सांगते. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं, किल्लारीचा भूकंप. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, माणसं गणपती बोळवून झोपलेली. मी अंबाजोगाईला इंटर्न होते, मदतीला गेले. दगडमातीच्या भिंती आणि वरून माळवदाचा भार, त्याखाली काय झालं ते आज लिहीत नाही. परत आले आणि पुढे वर्षभर मला साडेतीनला जाग यायची. उशाशी रेडियमच्या काट्यांचं गजराचं घड्याळ होतं. त्यात बघत राहायचं, चार वाजून जाऊ द्यायचे, मग पाठ टेकायची. एक दिवस आईने ते घड्याळ उचललं आणि स्वयंपाकघरात गव्हाच्या डब्यात पुरून ठेवलं. मी चिडले. जाग पुढेही येतच राहिली, पण किती वाजले ते कळेना, तेव्हा राखण करायला काही उरलं नाही. हळूहळू कूस बदलून झोप लागायला लागली.

तुम्हीही राखणच करताय. पत्रात एक वाक्य तुम्ही सहज लिहून गेलात : स्टार्टरचे दिवे खिडकीतून दिसतात. जाग आली की पहिली नजर तिकडेच जाते ना? तिन्ही दिवे लागले का, थ्री फेज आली का, पोराने मोटार चालू केली का? तीस वर्षं त्या दिव्यांवर तुमचं पीक होतं. मोटार पोराच्या मोबाइलवर गेली, पण डोळ्याला अजून कुणी सुट्टी दिलेली नाही.

जाग आल्यावर घड्याळ, मोबाइल, स्टार्टर, काही बघायचं नाही. अंदाजाने वीसेक मिनिटं झाली आणि झोप येत नसेल तर बाजेवरून उठा. मंद उजेडात ओसरीवर बसा, माळ जपा, काहीही कंटाळवाणं करा. पेंग आली की मगच परत. रात्रीत चारदा उठावं लागलं तरी चालेल. पोराला एवढंच सांगा की रात्रीचं काही बोलायचं असेल ते सकाळी चहाला बोल.

दोन गोष्टी तपासून घ्या. लघवीला उठावं लागत असेल तर साखर आणि प्रोस्टेट. घरची म्हणत असेल की तुम्ही जोरात घोरता आणि मधेच श्वास अडकतो, तर त्याचा इलाज निराळा आहे, डॉक्टरांना तेही सांगा. आणि त्या जागरणात मन खाली खाली जात असेल, कर्जाचे किंवा नको ते विचार येत असतील, तर पुढच्या अंकाची वाट बघू नका. १४४१६ हा सरकारी टेलिमानसचा नंबर आहे, रात्रीही लागतो, मराठीत बोलतात, पैसे पडत नाहीत.

एक काम आजच करा. उशी पायथ्याला घ्या, म्हणजे खिडकी डोक्यामागे जाईल. तसं केल्याने डोकं उत्तरेला होत असेल तर घरची ऐकायची नाही, मग खिडकीला जाड पडदा लावा.