फ्रान्सच्या सहलीसाठी एफडी मोडू का?

प्रश्न: आम्ही नाशिकला राहतो. मुलगी नववीत आहे, सहावीपासून फ्रेंच शिकते. शाळेतर्फे ऑक्टोबरच्या शेवटी, दिवाळीच्या सुट्टीत, १२ दिवसांची फ्रान्सची ‘लँग्वेज इमर्शन’ (त्या भाषेच्या वातावरणात राहून ती शिकायची) सहल निघतेय. खर्च ३,४०,००० रुपये. पहिला हप्ता ७५,००० चा, महिनाअखेर भरायचा आणि तो परत मिळणार नाही. आम्हा दोघांचा मिळून हातात येणारा पगार १,०५,००० आहे. घराचा हप्ता ३१,०००, एसआयपी १२,०००, घरखर्च आणि फिया जाऊन ११,००० उरतात. एफडी ४,२५,००० ची आहे. ती मोडावी, सहलवाले देतात तो ‘नो कॉस्ट ईएमआय’ घ्यावा, की माझ्या बांगड्या ठेवून कर्ज काढावं? सासूबाई त्यांच्या एफडीतले दीड लाख द्यायला तयार आहेत, पण त्यांचा मेडिक्लेम नाही. मिस्टरांच्या कंपनीतली तिसरी शिफ्ट सध्या बंद आहे. धाकटा सहावीत. मुलगी रोज विचारते, काय सांगू?

उत्तर: नमस्कार. तिसऱ्या शिफ्टचा उल्लेख तुम्ही जाता जाता केलात, मी मात्र तिथेच थांबलो. कंपनी शिफ्ट बंद करते तेव्हा आधी ओव्हरटाइम जातो, मग इन्सेंटिव्ह जातो आणि त्यानंतर काय होतं ते नाशिकच्या अंबड-सातपूर औद्योगिक भागातल्या घरांना सांगायची गरज नाही. एसआयपी थांबवलीत तरी घराचा हप्ता, किराणा, फिया मिळून तुमचे महिन्याला ८२,००० लागतातच. म्हणजे तुमची एफडी ही पाच महिन्यांची शिदोरी आहे. ती सहलीला वापरायची नाही. माझं उत्तर यंदा ‘नाही’ असंच आहे, पण ते मुलीच्या फ्रेंचला नाही. पुढे त्याबद्दल लिहितोच.

आधी खरा आकडा काढू. तुम्ही पाठवलेल्या सहलीच्या पत्रकाच्या तळाशी बारीक अक्षरात ‘जीएसटी, टीसीएस, व्हिसा वेगळा’ असं आहे. टूर पॅकेजवर ५ टक्के जीएसटी, म्हणजे १७,०००. फ्रान्ससाठी लागणाऱ्या शेंगेन व्हिसाची फी जून २०२४ पासून ९० युरो आहे आणि १२ वर्षांवरच्या मुलांना ती पूर्ण पडते. त्यात अर्ज घेणाऱ्या केंद्राचं शुल्क, बोटांचे ठसे द्यायला जाण्यायेण्याचा खर्च, कागदपत्रं धरून १२,००० धरा. व्हिसा नाकारला तर फी परत मिळत नाही. गरम कपडे, बॅग, हातखर्च यांना ३५,००० कमी वाटले तर कमी करा, पण वर्गातल्या इतर मुली खरेदी करताना आपली नुसती बघत उभी राहील हे तुम्हालाच बघवणार नाही. बेरीज ४,०४,००० होते. टीसीएस, म्हणजे सहलवाले आगाऊ घेतात तो आयकर, त्यावर आणखी. तो पॅनवर जमा होतो आणि रिटर्न भरताना करातून वळता होतो, पण आज खिशातून जातोच. एफडी मोडून हे सगळं भरलं तर वीस-एकवीस हजार उरतात, त्यातून मुदतीआधी मोडल्याचा दंड वजा.

‘नो कॉस्ट ईएमआय’चं फार मनावर घेऊ नका. शून्य टक्के व्याज असं काही नसतंच, हे रिझर्व्ह बँकेने बँकांना २०१३ सालीच बजावलं होतं. व्याज कुठेतरी असतंच, कधी प्रोसेसिंग फीमध्ये, कधी पॅकेजच्या किमतीत. सहलवाल्यांना एकच विचारा: सगळे पैसे एकदम रोख भरले तर किती कमी कराल? जो आकडा सांगतील, ते व्याज. साधं वैयक्तिक कर्ज घेतलंत तर ३,००,००० ला १४ टक्क्यांनी तीन वर्षं, हप्ता १०,२५३ रुपये आणि एकूण व्याज ६९,००० च्या वर. तुमच्याकडे उरतात ११,०००. म्हणजे बारा दिवसांच्या सहलीसाठी मुलगी अकरावी संपवेपर्यंत घरात शिल्लक शून्य. बांगड्यांवरचं कर्ज थोडं स्वस्त पडेल, पण सोनं ही तुमची शेवटची फळी आहे. आणि सासूबाईंचे दीड लाख हाच त्यांचा मेडिक्लेम आहे. त्यांनी प्रेमाने देऊ केले, तुम्ही प्रेमानेच नको म्हणा.

आता सहलीकडे वळू. तुम्ही सोबत जोडलेलं पत्रक मी दिवसवार पेन्सिल घेऊन वाचलं. पहिले तीन दिवस पॅरिस: आयफेल टॉवर, सेन नदीतली बोट, व्हर्साय. एक दिवस डिस्नेलँड. मग तूर शहरात होस्ट फॅमिलीकडे सहा रात्री. तिथे पाच सकाळी तीन-तीन तास वर्ग, दुपारी शाँबोर, शनाँसो, आंब्वाझचे राजवाडे. शेवटी पुन्हा पॅरिस आणि विमान. वर्गाचे तास मोजले तर १५. शाळेत महिन्याभरात याहून जास्त तास होत असतील. वर्गाबाहेर बोलणं होईल म्हणावं, तर बसमध्ये तीस नाशिककर मुलं, गप्पा मराठी-हिंदीत. एका घरी दोन-दोन मुली देणार आहेत, त्या आपसात काय बोलणार ते उघड आहे. त्यावर कडी म्हणजे रोज संध्याकाळी ‘इंडियन डिनर’ आहे, होस्ट फॅमिलीच्या दिवसांतसुद्धा! अहो, त्या घरच्या जेवणाच्या टेबलावरच तर भाषा येते. ‘झ स्वी व्हेजेतारिएन’ (मी शाकाहारी आहे) म्हणून चीजचं ताट मागून घ्यायची, मग ती काकू काहीतरी भराभर बोलते त्यातलं निम्मं समजून घ्यायची संधी तिथेच असते. ती घालवून मुलांना पनीर बटर मसाला खायला न्यायचं आणि त्याला इमर्शन म्हणायचं.

आणखी एक. पत्रकात ‘फ्रेंच शाळेत एक दिवस’ आहे. फ्रान्समध्ये ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यापासून नोव्हेंबर उजाडेपर्यंत दोन आठवडे तूसाँची सुट्टी असते, देशभर एकाच वेळी. ऑक्टोबरअखेर कुठली शाळा उघडी असणार आहे, तिचं नाव काय, हे लेखी मागा. उत्तर काय येतं त्यावरून आयोजकांची तयारी कळेल.

ही सहल वाईट आहे असं माझं म्हणणं नाही. नववीतल्या मुलीला घरापासून बारा दिवस लांब राहायला मिळणं मोलाचं असतं. शिलकीतून जमत असेल त्यांनी खुशाल पाठवावं. पण सहल म्हणून पाठवावं, भाषेची गुंतवणूक म्हणून नाही. भाषेसाठीच पैसे घालायचे तर त्याच पैशांत काय येतं ते बघा. युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांसाठी फ्रान्सच्या सरकारी विद्यापीठांत पदवीची वर्षाची फी २०१९ साली २,७७० युरो ठरली, पुढे ती थोडी थोडी वाढत गेली. राहण्या-जेवणाचा खर्च वेगळा, पण युरो शंभर रुपयांच्या घरात धरला तरी तुमच्या बारा दिवसांच्या पॅकेजहून ही वर्षाची फी कमी भरते. २०३० पर्यंत ३०,००० भारतीय विद्यार्थी फ्रान्सला हवेत असं राष्ट्राध्यक्ष माक्राँ यांनी जानेवारी २०२४ मध्ये जाहीर केलं आहे. मात्र फ्रेंच माध्यमातल्या पदवीला साधारणपणे बी-२ पातळी मागतात, आणि ती सहलीच्या प्रमाणपत्राने येत नाही, डेल्फ या फ्रेंचच्या अधिकृत परीक्षेने येते. तुमची मुलगी अजून ए-१ वर, म्हणजे पहिल्या पायरीवर असावी. ए-१, ए-२ आणि मग बी-१, बी-२ असा हा जिना आहे. डेल्फचं प्रमाणपत्र एकदा मिळालं की त्याला मुदत नाही. परीक्षा पुण्या-मुंबईच्या आलियाँस फ्राँसेझ या फ्रेंच शिकवणाऱ्या संस्थेत होतात, तयारीचे ऑनलाइन वर्ग मिळतात. लेखन, वाचन, ऐकणं, बोलणं, प्रत्येकी २५ गुण आणि पास व्हायला १०० पैकी ५०, कुठल्याही भागात ५ च्या खाली नाही. शाळेत ‘स्कोअरिंग’ म्हणून फ्रेंच घेणारी मुलं बोलण्यात आणि ऐकण्यात अडकतात, तेवढं आत्तापासून बघा.

म्हणून माझा हिशेब असा. ११,००० मधले ८,००० आजपासून आरडीत, ३,००० तिच्या वर्गाला. नववीत ए-१ ची परीक्षा, दहावी सुरू होताना ए-२, मग वर्षभर बोर्ड. दहावीची परीक्षा होईपर्यंत साधारण वीस हप्ते जातील, व्याजासकट १,६८,००० च्या आसपास जमतील. दोन दिवाळ्यांचा बोनस त्यात घातलात तर वर जाईल. शिफ्ट सुरू झाली नाही आणि घरात ओढाताण झाली, तर आरडी थांबवता येते. कर्जाचा हप्ता थांबवता येत नाही.

दहावीनंतरची मोठी सुट्टी या कामासाठी सोन्यासारखी आहे. तोवर ती सोळाची होईल आणि फ्रान्समधल्या बऱ्याच भाषासंस्था मोठ्यांच्या वर्गात सोळाव्या वर्षापासून घेतात. दोन आठवडे सकाळी वर्ग, एका घरात एकच भारतीय मुलगी, जेवण त्या घरचंच, डिस्नेलँड नाही. एकटीला पाठवायचं धाडस होणार नाही हे मी गृहीत धरतो (मलाही झालं नसतं). शाळेच्या फ्रेंचच्या बाईंना विचारा, दहावीच्या मुलांना मे महिन्यात नेतील का. आठ-दहा पालक एकत्र गेले तर शाळा ऐकते. नाहीच जमलं तर आरडी तिच्या बारावीनंतरच्या खर्चाला लागेल, त्यात काहीच वाया जात नाही. अकरावीच्या प्रवेशाच्या तारखा मात्र बघून ठेवा.

सुकन्या खातं असेल तर त्यातून काढायचा विचार करू नका. मुलगी अठराची होईपर्यंत किंवा दहावी पास होईपर्यंत पैसे निघत नाहीत आणि नंतरही मुदतीआधी ते मुख्यतः उच्च शिक्षणासाठीच निघतात. एसआयपी चालू राहू द्या. आज मोठीला पाठवलंत तर तीन वर्षांनी धाकटा हेच पत्रक घेऊन येईल आणि तेव्हा ‘नाही’ म्हणायला तोंड राहणार नाही.

मुलीला ‘आपल्याला परवडत नाही’ एवढंच सांगून सोडू नका. नववीतल्या मुलीला बेरीज-वजाबाकी कळते. तिला हा हिशेब दाखवा, बाबांच्या शिफ्टचंही सांगा. आरडीचं पुस्तक तिच्या नावाने काढा आणि पहिल्या परीक्षेची तारीख तिलाच निवडू द्या.

हे सगळं वाचूनही पाठवायचंच ठरलं, तर ७५,००० भरण्याआधी दोन गोष्टी करा. व्हिसा नाकारला किंवा आजारपण आलं तर किती पैसे परत, ते लेखी घ्या. आणि पैसे दोघांपैकी ज्याचा आयकर कापला जातो त्याच्याच खात्यातून, त्याच्याच पॅनवर भरा, म्हणजे टीसीएस अडकून पडणार नाही.