टेस्टोस्टेरॉन कमी आलंय आणि नोकरी फौजेत

प्रश्न : सैन्यात नायक आहे, वय ३४. सातारा जिल्ह्यातल्या गावी रजेवर आलोय. सहा-सात महिने थकवा आहे, इच्छा नाही, सकाळची ताठरताही जवळपास गेली. दोन रात्री रेल्वेत काढून गावी पोचलो, त्याच दिवशी जेवण झाल्यावर खाजगी लॅबमध्ये टेस्टोस्टेरॉन (पुरुषी हार्मोन) तपासलं, २४८ आलं. इथले डॉक्टर म्हणतात, आजच इंजेक्शन घ्या. युनिटमध्ये सांगितलं तर कॅटेगरी (तंदुरुस्तीचा कमी दर्जा) लागेल का?

उत्तर : तुम्ही पाठवलेल्या रिपोर्टच्या कोपऱ्यात रक्त घेतल्याची वेळ छापली आहे : दुपारी ४.१०. म्हणजे दोन रात्रींच्या रेल्वेप्रवासानंतर आणि जेवण झाल्यावर. या रिपोर्टवर निदान होत नाही. हे हार्मोन सकाळी सर्वांत जास्त असतं, दुपारपर्यंत उतरतं, जेवणानंतर आणखी खाली येतं. आठवडाभर रोज ५ तासच झोपलेल्या तरुणांची दिवसाची पातळी १० ते १५ टक्क्यांनी घसरल्याचं दिसलं आहे. अमेरिकी लष्कराच्या रेंजर प्रशिक्षणात अर्धपोटी, अर्धवट झोपेत राहिलेल्या धडधाकट जवानांची पातळी तर तळाला गेली होती. पोटभर अन्न आणि झोप मिळाल्यावर ती पुन्हा वर आली.

म्हणून चार-पाच रात्री नीट झोपा आणि मग सकाळी ७ ते १० च्या दरम्यान, उपाशीपोटी, दोन वेगवेगळ्या दिवशी रक्त द्या. ताप किंवा जुलाब असताना नको. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेत असाल तर तीन दिवस आधी बंद करा, काही मशिनवर त्यामुळे आकडा खोटाच वाढलेला दिसतो. दोन्ही वेळा २६४ ते ३०० नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली आलं आणि त्रासही असेल, तरच पुढचा विचार.

तोवर इंजेक्शन घेऊ नका. बाहेरून टेस्टोस्टेरॉन आलं की मेंदूतली पिट्युटरी ग्रंथी वृषणाला कामाला लावणारी एलएच आणि एफएसएच ही हार्मोन्स पाठवणं थांबवते, आणि बिघाड कुठे आहे हे नेमकं त्या दोन आकड्यांवरूनच कळतं. एलएच वाढलेलं असेल तर दोष वृषणात : जुनी गालगुंडं, मार, शस्त्रक्रिया. कमी किंवा ‘नॉर्मल’ असेल तर वर पाहायचं : पिट्युटरी, लठ्ठपणा, घोरणं, ट्रॅमाडॉलसारख्या वेदनाशामक गोळ्या. सोबत प्रोलॅक्टिन (पिट्युटरीचंच आणखी एक हार्मोन), टीएसएच (थायरॉइडसाठी), एसएचबीजी (टेस्टोस्टेरॉन वाहून नेणारं प्रथिन), फेरिटिन (लोहाचा साठा) आणि एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर) लागतं. प्रोलॅक्टिन सतत जास्त असेल, किंवा एलएच कमी आणि टेस्टोस्टेरॉन १५० च्याही खाली असेल, तर पिट्युटरीचा एमआरआय. पहिल्या इंजेक्शननंतर एलएच-एफएसएचचा पुरावा काही आठवडे, कधी काही महिने पुसला जातो.

रजा संपली की दोन्ही रिपोर्ट घेऊन एमआय रूममध्ये (युनिटच्या दवाखान्यात) आरएमओंना, म्हणजे युनिटच्या डॉक्टरांना भेटा. ‘कमजोरी आहे’ म्हणू नका, त्याला व्हिटॅमिनच्या गोळ्या मिळतात. आम्हाला लिहिलंत तसंच तिथे सांगा. पुढचा रस्ता मिलिटरी हॉस्पिटलचे मेडिकल स्पेशालिस्ट आणि गरज पडल्यास पुण्यासारख्या कमांड हॉस्पिटलात हार्मोनतज्ज्ञ, असा असतो.

कॅटेगरीचं म्हणाल तर एका कमी आकड्यावर ती लागत नाही. ‘शेप’ या सैन्याच्या तंदुरुस्ती-मोजणीतल्या ‘पी’चा (शारीरिक क्षमतेचा) निर्णय तज्ज्ञांचं मत आणि कारण पाहून मेडिकल बोर्ड घेतं. वजन आणि झोप सुधारून पातळी वर येणारा जवान आणि पिट्युटरीत गाठ असलेला जवान यांचा निकाल एक लागणार नाही. तात्पुरती कॅटेगरी लागली तरी ठरावीक आठवड्यांनी फेरतपासणी होते.

प्रश्न : जिममधल्या ओळखीने चार महिने दर तीन आठवड्यांनी टेस्टोस्टेरॉनचं २५० मिलिग्रॅमचं इंजेक्शन घेतोय. अंगात ताकद वाटते. लग्नाला दोन वर्षं झाली, आता मूल हवंय. चालू ठेवू का?

उत्तर : या इंजेक्शनने वृषणाच्या आतलं काम थंडावतं, शुक्रजंतू शून्यावर येऊ शकतात. आधी वीर्यतपासणी करून घ्या. बंद केल्यावर बहुतेकांचे परत येतात, पण सहा महिने ते वर्ष, कधी त्याहून जास्त लागतं. मधले काही आठवडे फार मरगळीचे जातात. मूल हवं असणाऱ्यांना क्लोमिफेन किंवा एचसीजी ही वृषणाला पुन्हा कामाला लावणारी औषधं दिली जातात, तीही तज्ज्ञांनी मोजून. आरएमओंना इंजेक्शनचं नाव आणि शेवटची तारीख खरी सांगा, नाहीतर शून्याजवळचं एलएच पाहून ते पिट्युटरीचा आजार शोधत बसतील. आणि सर्व्हिसेसच्या संघातून खेळत असाल तर टेस्टोस्टेरॉन, क्लोमिफेन, एचसीजी ही तिन्ही बंदी असलेल्या यादीत आहेत.

प्रश्न : तज्ज्ञांनी दिलेलं टेस्टोस्टेरॉन वर्षभर चालू आहे. आता युनिट लेहला हलतंय. काही बघायला हवं?

उत्तर : हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातला लाल पेशींचा वाटा. टेस्टोस्टेरॉन लाल पेशी वाढवतं आणि विरळ हवाही तेच करते. त्यात थंडीत पाणी कमी प्यायलं जातं. रक्त घट्ट होऊन पायाच्या शिरेत, फुप्फुसात गुठळीचा धोका वाढतो. हिमॅटोक्रिट ५४ टक्क्यांवर गेलं तर डोस थांबवतात. तुमचं इथे मैदानी भागातच ५० च्या आसपास असेल तर वर जाण्याआधीच तज्ज्ञांशी बोला. अडीच-तीन महिने चालणाऱ्या मोठ्या इंजेक्शनपेक्षा रोजची जेल अशा वेळी बरी, कारण ती लगेच थांबवता येते. मात्र जेल लावल्यावर हात साबणाने धुवा, जागा वाळली की कपड्याने झाका. रजेवर घरी आलात तर बायको-मुलांच्या अंगाला ती लागू देऊ नका. लहान मुलांत वेळेआधी वयात येण्याची लक्षणं त्याने दिसली आहेत. हाय अल्टिट्यूडच्या मेडिकलला शेवटचं हिमॅटोक्रिट, पीएसए (प्रोस्टेटची रक्ततपासणी) आणि डोसचा कागद सोबत ठेवा. वर गेल्यावर एकाच पायाला सूज, पोटरीत दुखणं किंवा अचानक धाप लागली, तर ‘हवामान मानवत नाही’ म्हणत रात्र काढू नका, तेव्हाच एमआय रूम गाठा.