एक्सेलमध्ये इतक्या सोयी असताना गूगल शीट्स टिकलं कसं?

सोयींची बरोबरी करायच्या फंदात न पडता, एक्सेलला तेव्हा धड न जमणारी एकच गोष्ट फुकट देऊन. २००६ साली आलं तेव्हा त्यात पिव्होट टेबलसुद्धा (मोठ्या यादीचा गटवार सारांश काढून देणारी सोय) नव्हतं, ते २०११ मध्ये आलं. पण एकाच शीटवर चौघांना ब्राउझरमधून एकदम काम करता यायचं. ‘हिशोब_फायनल_नवीन_२’ मेलवर फिरवत बसायची कटकटच मिटली. शिवाय एक्सेलच्या जुन्या फाइली उघडायच्या. (हे नसतं तर कुणी ढुंकूनही पाहिलं नसतं!) दोन्ही रोज वापरतो म्हणून सांगतो, वर्षानुवर्षांच्या मॅक्रोंवर (ठरलेली कामं आपोआप करणाऱ्या, एक्सेलमधल्या छोट्या प्रोग्रॅमवर) चालणारा अकाउंट्स विभाग मात्र यानेही हलत नाही. तिथे एक्सेलच राहतं.