रिजेक्ट झालेला लॉट परत पाठवताना

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज रात्री साडेअकराला आला, मी सकाळी वाचला. "सर, चाकणच्या त्याच कंपनीत क्वालिटी इंजिनिअरची जागा पुन्हा निघालीय. दुसऱ्या ईमेलवरून अर्ज करू का? म्हणजे मागचं रेकॉर्ड दिसणार नाही." फोन केला असता तर चिडून बोललो असतो, म्हणून लिहितोय.

मागच्या मुलाखतीत तिथे नाकारलं म्हणून काय झालं, अर्ज जरूर कर. ईमेल मात्र तोच ठेव.

मी इनवर्ड इन्स्पेक्शनला, म्हणजे बाहेरून आलेला माल तपासायला होतो तेव्हाची गोष्ट. एका सप्लायरचा बुशचा, म्हणजे नळीसारख्या छोट्या सुट्या भागांचा लॉट आम्ही परत पाठवला. तिसऱ्या दिवशी तोच माल नवं चलन फाडून, चांगल्या मालात मिसळून हजर. आमच्या इन्स्पेक्टरने लाल मार्करने केलेली खूण दोन-चार नगांवर तशीच होती, बाकी काही शोधावं लागलं नाही. पुढे वर्षभर त्याची प्रत्येक गाडी आली की आम्ही जादा सॅम्पल काढायचो. दुसऱ्या एकाचाही लॉट असाच परत गेला होता. त्याने क्रेटवर 'रिसबमिटेड'चा टॅग लावला, किती नग काढले आणि बिघाड कशामुळे झाला ते कागदावर लिहून दिलं. तो लॉट तासाभरात पास झाला. सॅम्पलिंगच्या भारतीय मानकात, आयएस २५०० मध्येही तेच आहे: नाकारलेला लॉट परत आणायचा तर सगळे नग तपासून, सदोष ते काढून किंवा दुरुस्त करून आणा.

ईमेल बदललास तरी मोबाइल नंबर, जन्मतारीख तीच. काही फॉर्ममध्ये पॅनही मागतात. शिवाय पॅनलवर मागचेच साहेब असले तर? मी पॅनलवर असताना एक मुलगा "मी इथे पहिल्यांदाच आलोय" म्हणाला होता. मागच्या वर्षीच्या माझ्याच हस्ताक्षरातल्या नोंदी माझ्यासमोर होत्या. मुलगा हुशार होता. पण उद्या हाच मोजलेलं रीडिंग बदलून लिहील, हे डोक्यातून जाईना.

आता खरं काम. मागच्या मुलाखतीत तू कुठे अडखळलास ते मला तूच सांगितलंस. सीपी (मापांचा पसारा टॉलरन्समध्ये किती आरामात मावतो) १.६७ आणि सीपीके (सरासरी कुठे सरकलीय तेही धरून) ०.६७ दिले होते, आणि तू म्हणालास, मशीनची कपॅबिलिटी नाही, मशीन बदलावं लागेल. अरे, मशीन तर चांगलंच आहे! बोअर, म्हणजे भोकाचा व्यास, २५.०० ते २५.०६ मिलिमीटर हवा; सिग्मा, म्हणजे मापं सरासरीपासून किती विखुरतात ते, ०.००६. टॉलरन्स ०.०६ भागिले सहा सिग्मा, म्हणजे ०.०३६, झाले १.६७. पसारा छोटा आहे. पण सरासरी २५.०४८ वर सरकलीय. वरच्या मर्यादेपर्यंत उरले फक्त ०.०१२, त्याला तीन सिग्माने भाग, ०.६७. शंभरात दोनाहून जास्त नग ओव्हरसाइज जाणार. उपाय काय, तर ऑफसेट, म्हणजे मशीनमधली टूलच्या जागेची सेटिंग, दुरुस्त करून सरासरी २५.०३ वर आणणं. मशीनवरच्या ऑपरेटरने हे दोन मिनिटांत केलं असतं, आणि तू कंपनीला नवीन सीएनसी मशीन घ्यायला लावलंस. साहेब हसले याचं तुला वाईट वाटलं, पण मलाही हसू आलं.

फॉर्म्युला तुला पाठ होता, आकृती डोळ्यासमोर नव्हती. तेवढीच दुरुस्ती आहे. ती झाली नसेल तर अर्ज करून उपयोग नाही. सहा महिने उलटले म्हणजे तयारी झाली असं नसतं. हो, त्या मुदतीचंही बघ. बऱ्याच ठिकाणी नकारानंतर सहा महिने ते वर्षभर पुन्हा घेत नाहीत. नकाराच्या मेलमध्ये असतं, नाहीतर एचआरला सरळ फोन करून विचार. त्यात लाजण्यासारखं काही नाही. तुझा वर्गमित्र तिथे आहे म्हणालास ना, त्याच्याकडून रेफरल घे, पण मागे एकदा आपला इंटरव्ह्यू झालाय हे त्याला आधी सांग. नाहीतर बिचारा एचआरसमोर तोंडघशी पडायचा.

कव्हर मेल चार ओळींचा पुरे. 'मागे याच पदासाठी मुलाखत दिली होती, निवड झाली नाही. प्रोसेस कपॅबिलिटीत मी कमी पडलो. त्यानंतर सध्याच्या कामात एका बोअरचा अभ्यास केला, त्याचा एक पानी तक्ता जोडला आहे.' तक्ता मात्र खरा पाहिजे, आणि तुझ्या कंपनीचा ड्रॉइंग नंबर, गिऱ्हाइकाचं नाव त्यात येता कामा नये. हे विसरलास तर इंटरव्ह्यू तिथेच संपेल.

"पुन्हा स्लॉट लावून देतो, पाच हजार पाठवा" असा कुणाचा फोन आला तर ठेवून दे. नोकरी द्यायला चांगली कंपनी पैसे मागत नाही.

आणि परत नाही म्हणाले तर? म्हणू देत. तळेगाव आहे, रांजणगाव आहे.

रविवारी दहाला घरी ये. लॅपटॉप नको, ग्राफ पेपर आणि पेन्सिल आण. मी पंचवीस रीडिंग देईन, तू हिस्टोग्राम हाताने काढायचास. काकू पोहे करणार आहे.

तुझा,
सर