‘दोन बोटं कमी पडली, तर काय बिघडतं?’

मे महिन्यात घराघरांतून मनोरंजन पार्कच्या सहली निघाल्या आणि जूनमध्ये त्यांची पत्रं माझ्या टेबलावर येऊन पडली. मी यांत्रिक देखभालीतला माणूस. नोकरीची बरीच वर्षं राइड्सची चाकं, साखळ्या आणि कुलपं तपासण्यात गेली, म्हणून संपादकांनी ही पत्रं माझ्याकडे धाडली. जागेअभावी पाचच घेतो आहे.

काका, सुट्टीत आम्ही सगळे एका मोठ्या पार्कात गेलो. धाकटा दहा वर्षांचा. रोलर कोस्टरच्या रांगेत तासभर उभं राहिल्यावर दारातल्या मुलीने उंचीची पट्टी लावली आणि दोन बोटं कमी पडली म्हणून त्याला परत पाठवलं. पोरगं इतकं रडलं की दुपारी जेवलंही नाही. ह्यांनी पुष्कळ हुज्जत घातली, उपयोग झाला नाही. दोन बोटांनी असं काय बिघडतं? पुढच्या वेळी जाड तळाचे बूट घातले तर?
— एक आई, चिंचवड

ताई, बूट अजिबात नको. बुटाने उभं राहिल्यावरची उंची वाढते; बसल्यावर खांदा जिथे होता तिथेच राहतो. आणि सगळा प्रश्न बसल्यावरचा आहे.

रोलर कोस्टर म्हणजे चढ-उताराच्या रुळावरून पळणारी गाडी. तिच्या आसनावर खांद्यावरून येणारा तो जाड दांडा ठरावीक बांध्याच्या शरीरासाठी घडवलेला असतो. तो खाली येऊन अडकतो तेव्हा खांदे, छाती आणि मांड्या या तिन्ही ठिकाणी माणूस धरला जायला हवा. मूल लहान असलं तरी दांडा अडकतोच, ‘खट्’ असा आवाजही येतो, बाहेरून सगळं ठीक दिसतं. पण मांडी आणि दांडा यांच्यामध्ये पोकळी उरते. गाडी चढाचा माथा ओलांडते तेव्हा अंग आसनावरून आपोआप उचललं जातं. मोठा माणूस बोटभर उचलला जाऊन दांड्याला टेकतो. लहान मूल त्या पोकळीत सरकतं. दारात उभं राहून प्रत्येकाचा बांधा मोजणं शक्य नसतं, म्हणून झटकन मोजता येणारी उंची धरतात. तुमचा मुलगा किती धीट आहे किंवा त्याचं वय काय, याचा त्या पट्टीशी काही संबंध नाही, आणि हे त्याला याच शब्दांत सांगा. नाही तर आपण कुठेतरी नापास झालो असं त्याच्या मनात बसेल.

दारातल्या त्या मुलीबद्दलही लिहितो. बहुतेक ती आसपासच्या गावातली, वीस-बावीस वर्षांची असते. दिवसभर उन्हात उभी राहून चिडलेल्या बापांची बोलणी खाते आणि तरीही पट्टी हलवत नाही. अशा मुलींबरोबर मी काम केलं आहे. त्यांच्यामुळे मला रात्री झोप लागायची. पुढच्या वेळी भेटली तर तिला दोन शब्द चांगले बोला.

जाण्याच्या आदल्या दिवशी घरातच दाराच्या चौकटीला उभं करून अनवाणी उंची मोजा. पार्कच्या संकेतस्थळावर प्रत्येक राइडची अट दिलेली असते. जी जमणार नाही ती घरातच सांगून टाकली की रांगेच्या टोकाला जाऊन रडण्याची वेळ येत नाही. मोठ्या राइडला तुम्ही आणि साहेब आळीपाळीने जा. काही ठिकाणी दुसऱ्याला पुन्हा रांग लावावी लागत नाही. दारात विचारून घ्या.

इमॅजिका पार्कातल्या नायट्रो या रोलर कोस्टरला इंजिन नाही असं दादा म्हणतो. मग ती इतकी वेगात कशी जाते? उलटी झाल्यावर पडत का नाही? आणि माझे बाबा ९५ किलोंचे आहेत, ते बसले तर गाडी जास्त पळेल का?
— इयत्ता नववीतला विद्यार्थी, सांगली

दादा बरोबर सांगतो. गाडीला स्वतःचं इंजिन नसतं. खालची मोटार साखळीने तिला माथ्यावर नेऊन सोडते, पुढचं सगळं काम गुरुत्वाकर्षणाचं. नायट्रोची उंची सुमारे ४० मीटर आहे. आता वही घे. पडणाऱ्या वस्तूचा वेग काढायचं सूत्र तुला येतं: २ गुणिले गुरुत्वत्वरण ९.८ गुणिले उंची ४०, म्हणजे ७८४. त्याचं वर्गमूळ बरोबर २८. सेकंदाला २८ मीटर म्हणजे ताशी साधारण १०० किलोमीटर. चाकांचं घर्षण आणि हवा यात थोडं खातात, पण अंदाज बांधायला हे पुरे.

या गणितात वस्तुमान कुठेच आलं नाही, बघितलंस? त्यामुळे बाबांच्या ९५ किलोंनी तसा फरक पडायला नको. प्रत्यक्षात मात्र भरलेली गाडी रिकाम्या गाडीपेक्षा किंचित जास्त पळते, कारण गाडी जड झाली तरी हवेचा अडथळा त्या मानाने वाढत नाही. सकाळची पहिली फेरी दुपारच्या फेरीपेक्षा संथ असते, हेही आमच्या लोकांना घड्याळ न बघता कळतं. बेअरिंगमधलं ग्रीस रात्री गार होऊन घट्ट झालेलं असतं. दुपारी चाकं तापली की गाडी मोकळी पळते.

उलटी होऊन पडत का नाही, याची उत्तरं दोन. वेगात वळसा घेताना आसनच तुला आतल्या बाजूला रेटत असतं, त्यामुळे डोकं खाली असूनही तू आसनाला दाबलेला राहतोस. आणि समजा वेग कमी पडलाच, तरी गाडी रुळावरून सुटू शकत नाही, कारण प्रत्येक ठिकाणी चाकांचे तीन संच असतात: एक रुळाच्या वर, एक बाजूला, एक खालून. चाकांनी रूळ तीन बाजूंनी कवटाळलेला असतो. खालच्या चाकांचं पेटंट जॉन मिलर या अमेरिकन माणसाने १९१९ मध्ये मिळवलं. त्याच्या आधीच्या गाड्यांना तीव्र उतार देता येत नव्हता. न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडवर १८८४ साली सुरू झालेली पहिली प्रसिद्ध गाडी तर ताशी दहा किलोमीटरच्या आसपास चालायची.

पुढच्या वेळी खाली उभा राहून त्या उलट्या वळशाचा आकार नीट बघ. तो गोल नसतो, पाण्याच्या थेंबासारखा वर निमुळता असतो. १८९५ मध्ये कोनी आयलंडवरच पूर्ण गोल वळसा करून बघितला होता आणि खालून आत शिरताना बसणाऱ्यांच्या मानेला जबर हिसका बसायचा. खाली वेग सर्वांत जास्त, म्हणून तिथे वळण मोठ्या त्रिज्येचं हवं. वर वेग कमी, तिथे लहान त्रिज्या चालते. हा थेंबाचा आकार १९७६ साली कॅलिफोर्नियातल्या एका गाडीत यशस्वी झाला आणि मग जगभर पसरला. वर्गात वर्तुळाकार गती शिकवतील तेव्हा बाईंना हे उदाहरण दे.

आमची गाडी चढावरच्या साखळीवर थांबली ती वीस मिनिटं हलली नाही. बायका रडायला लागल्या, मी देवाचं नाव घेत होतो. इतके पैसे घेऊन अशी बिघडलेली राइड चालवतात, याची तक्रार कुठे करावी?
— एक वाचक, कोल्हापूर

तुमच्या जिवाची घालमेल मी समजू शकतो. पण अशी गाडी थांबते तेव्हा बहुतेक वेळा यंत्रणा तिचं काम चोख करत असते. रुळाचे भाग पाडलेले असतात आणि एका भागात एका वेळी एकच गाडी असा नियम. पुढची गाडी तिचा भाग सोडून गेली नाही किंवा एखाद्या सेन्सरने ती गेल्याचं कळवलं नाही, तर मागची आपोआप जागेवर रोखली जाते. पुढे कोणी ओकलं म्हणून साफसफाई चालू असली, तरी मागचे लोक वरच अडकतात.

चढावर ऐकू येणारा ‘टक टक टक’ आवाज लक्षात आहे? गाडीखालचा पोलादी खटका रुळातल्या दात्यांवरून एकेक करून पुढे पडत असतो. साखळी तुटली, वीज गेली, तरी तो खटका गाडीला मागे येऊ देत नाही. ब्रेकचंही तसंच: दाबलेल्या हवेने ते उघडे धरलेले असतात, हवा गेली की स्प्रिंग त्यांना मिटवतं. काही ब्रेक नुसत्या चुंबकांचे असतात, त्यांना तर वीज लागतच नाही.

तिथे करायचं एकच. बसून राहायचं. दांडा ओढून बघायचा नाही, मोबाइल काढायचा नाही. चढाच्या कडेने जिना असतो. वेळ आलीच तर कर्मचारी वर येऊन एकेकाला हाताला धरून उतरवतात. तक्रार मात्र जरूर करा, ती थांबण्याबद्दल नको, वीस मिनिटं कोणी ध्वनिक्षेपकावरून काही सांगितलं नाही याबद्दल करा. वर अडकलेल्या माणसाशी बोलत राहणं हा आमच्या कामाचाच भाग आहे.

मी १९ वर्षांची. आम्ही मामे-मावस भावंडं आणि मामा-मामी मिळून गेलो होतो. मला भीती वाटते, मी नको म्हणत होते, पण सगळ्यांनी ओढून बसवलं. ‘एकदा बसलीस की भीती जाते,’ असं मामा म्हणाला. मी डोळे घट्ट मिटून रडत होते. त्याचा व्हिडिओ घरच्या ग्रुपवर टाकला आणि अजून सगळे हसतात. माझ्यात काही कमी आहे का?
— एक मुलगी, नाशिक

बाळ, तुझ्यात काहीही कमी नाही. हे पत्र वाचून मला राग आला, तो तुझ्या घरच्यांचा.

कानाच्या आत तोल सांभाळणारा एक नाजूक अवयव असतो. आधार सुटला की तो मेंदूला बजावतो की आपण पडतो आहोत. छाती धडधडते, तळहात ओले होतात, पोटात गोळा येतो. हे प्रत्येकाला होतं, तुझ्या मामालाही. काहींना त्याची मजा वाटते, काहींना वाटत नाही. त्यात शूर आणि भित्रा असं काही नाही. त्यातून तू डोळे मिटलेस, म्हणजे पुढे वळण कुठे आहे हे शरीराला कळेना, मानेला सावरायला वेळ मिळेना आणि घाबरणं दुप्पट झालं. जबरदस्तीने बसवलेल्या माणसाची भीती जात नाही, उलट पक्की होते.

मामांना माझ्यातर्फे हे वाचायला दे. माणूस नको म्हणतो त्याला कारणं असतात आणि ती सगळी चारचौघांत सांगण्याजोगी नसतात. सुनेला नुकतीच दिवस गेल्याची शंका आली असेल आणि तिने अजून घरात सांगितलं नसेल. कोणाला फिट येण्याचा त्रास असेल, कोणाची पाठ, कोणाची पाळी. फाटकावर लावलेल्या फलकात यातलं बरंच लिहिलेलं असतं, पण भावंडांच्या गलक्यात तो फलक वाचतो कोण? मी फलाटावर उभा असताना कोणी नुसती मान हलवली तरी त्याला पलीकडच्या दाराने जाऊ द्यायचो, सोबतचे कितीही ओरडले तरी. तूही हे लक्षात ठेव. आसनावर बसलीस, दांडा खाली आला, तरी गाडी सुटेपर्यंत कर्मचाऱ्याला हात करून ‘मला उतरायचंय’ म्हणता येतं. तो दांडा उघडतो. त्यासाठी कोणाची परवानगी लागत नाही.

व्हिडिओ काढून टाका, असं ग्रुपवर स्पष्ट लिही. लिहायला जड जात असेल तर आईला सांग.

आणि कधी तुला स्वतःलाच वाटलं, तर लहान मुलांच्या छोट्या गाडीपासून सुरू कर. मधल्या डब्यात बस. पुढे बसलं की समोरची पोकळी दिसते. मागचा डबा माथ्यावरून खेचला जातो, त्यामुळे उडाल्यासारखं जास्त होतं. मधे त्यातल्या त्यात सौम्य. डोकं मागे टेकव, डोळे उघडे ठेवून रूळ जिकडे वळतो तिकडे बघ आणि उताराला मोठ्याने ओरड. ओरडताना श्वास बाहेर जातो, पोट सैल पडतं. नाहीच वाटलं, तर खाली बाकावर सगळ्यांच्या चपला आणि पिशव्या सांभाळत बसणंही सहलीतच येतं.

नातवंडं म्हणतात आजी तूही चल. वय ६६, रक्तदाबाची गोळी चालू, मणक्याचा जुना त्रास. साडी नेसून गेले तर बसू देतील का? आणि बरोबर खायला काय न्यावं?
— आजी, सातारा

आजी, मणका आणि रक्तदाब दोन्ही असताना उलटसुलट फिरणाऱ्या गाडीत बसू नका, त्यात डॉक्टरांनाही विचारायचं काही उरत नाही. बाकी पार्कात तुमच्यासाठी भरपूर आहे. संथ आगगाडी आहे, पडद्यावरचे खेळ आहेत, लहानग्यांसोबतचे पाळणे आहेत. त्यांना साडी चालते, पण चाकाजवळ पाय येतात तिथे पदर आणि निऱ्या अडकण्याचा धोका असतो, म्हणून पंजाबी ड्रेस बरा. ओढणी पिशवीत ठेवा. गो-कार्टजवळ तर ओढणी आणि मोकळे केस घेऊन कोणी फिरकूच नये, हे घरातल्या मुलींना बजावून सांगा.

आणखी एक, जे कोणी सांगत नाही. केसांना मागे लावलेला क्लचर काढायला लावा. डोकं मागच्या उशीवर आपटतं तेव्हा तो टाळूत रुततो. मंगळसूत्र कपड्याच्या आत, चष्म्याला दोरी, काचेच्या बांगड्या घरी.

खाणं बहुतेक ठिकाणी आत नेऊ देत नाहीत, पाण्याची बाटली मात्र विचारून न्या. सकाळी निघताना पोहे किंवा उपमा, तेही पोटभर नको आणि अगदी उपाशीही नको, कारण रिकाम्या पोटी मळमळ जास्त होते. मोठ्या राइड्स जेवणाआधी उरकाव्यात, जेवल्यावर तासभर सावलीतले खेळ. आल्याची वडी जवळ असू द्या. मिसळ खायचीच असेल तर परतीच्या वाटेवर.