टिटिकाका तलावावरच्या बेटांवर होमस्टे करावा का, की तिथे सगळा टुरिस्टसाठीचा शोच असतो?

तुम्ही विचारलंय की पेरूमधल्या या बेटांवरचे लोक रोज ते पारंपरिक कपडे घालतात की आपण येणार म्हणून घालतात. मी ताकीले आणि आमान्तानी दोन्ही बेटांवर राहिलेय, त्यामुळे जे बघितलं ते सांगते.

ताकीलेवर तरी रोज घालतात. बोटीतून उतरलं की गावापर्यंत पाचशेच्या वर दगडी पायऱ्या, उंची ३८०० मीटरच्या पुढे, दम लागून मी बसले होते आणि बाजूने एक आजोबा चालता चालता टोपी विणत वर निघून गेले, हातात बारीक बारीक सुया, धागा मानेमागून घेतलेला, सुयांकडे बघतही नव्हते. तिथे टोप्या पुरुष विणतात, आणि बायका जमिनीत खुंट्या ठोकून आडव्या मागावर कमरेचे पट्टे विणतात. टोपी पूर्ण लाल असेल तर लग्न झालंय, वरचा भाग पांढरा असेल तर व्हायचंय. सासरा होणाऱ्या जावयाच्या टोपीत पाणी ओतून बघतो, गळता कामा नये, असंही तिथे सांगतात. हे विणकाम २००५ मध्ये युनेस्कोने मानवजातीचा अमूर्त वारसा म्हणून जाहीर केलं.

आता गंमत नाही, खरंच विचार करण्यासारखी गोष्ट आहे, की या पेहरावावर स्पॅनिश छाप स्पष्ट दिसते. पेरूवर तेव्हा स्पेनचं राज्य होतं, आणि १७८०-८१ मध्ये तुपाक आमारू दुसरा या स्थानिक नेत्याने केलेल्या बंडानंतर स्पॅनिशांनी इंकांच्या, म्हणजे त्यांच्या आधीच्या राज्यकर्त्यांच्या, पोशाखावर बंदी घातली होती. मग हे कपडे "ओरिजिनल" नाहीत का? माझ्या मते पूर्ण आहेत, कारण ते लादलेल्यातूनही त्यांनी आपलं करून घेतलं, आणि अंगावर अजून तेच घालून शेतात जातात.

म्हणून मला वाटतं की खरं-खोटं शोधण्यापेक्षा पैसा आणि निर्णय कोणाच्या हातात आहेत हे बघावं. १९७०-८० च्या दशकांत ताकीलेकरांच्या स्वतःच्या बोटी होत्या, पाहुणे पाळीपाळीने घरोघरी वाटले जायचे, विणलेलं सगळं गावाच्या दुकानात एकाच ठरलेल्या भावाने विकलं जायचं. १९९० च्या दशकात पेरू सरकारने धोरण बदललं, मक्तेदारी नको म्हणून वाहतूक सगळ्यांना खुली झाली आणि तलावाकाठच्या पुनो शहरातल्या एजन्सींच्या बोटी आल्या. लोक दोन तास येतात, जेवतात, फोटो काढतात आणि जातात, आणि मोठा वाटा पुनोमध्येच राहतो. हे बघून मला फार वाईट वाटलं.

आमान्तानीवर रात्री पाहुण्यांना पोंचो आणि घेरदार घागरे घालून नाचायला नेतात, ते पाहुण्यांसाठीच असतं आणि ते लोकही ते लपवत नाहीत. पण सकाळी घरातल्या ताईंनी चुलीवर किनोआचं सूप केलं आणि मुलीशी केचुआ या त्यांच्या भाषेत बोलत बसल्या, ते काही माझ्यासाठी नव्हतं.

तर होमस्टे कराच, पण डे-ट्रिप नको, पुनोच्या धक्क्यावर जाऊन बेटावरच्या लोकांची बोट विचारा, एक रात्र तरी राहा आणि पैसे घरच्यांच्या हातात द्या. गावाच्या दुकानात घासाघीस करू नका, भाव ठरलेला असतो. लोकांचे फोटो काढायच्या आधी विचारा. आणि टोपी घ्यायची तर ती कोणी विणली तेही विचारा, मी घेतलेली विणणारा मुलगा तेव्हा दुकानाच्या पायरीवर बसून पुढची विणत होता.